स्वतःचा धंदा आणि अर्धवेळ चाकरी

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु आचरणात तिचा क्रम आपण केव्हाच उलटा करून टाकला आहे. शेती कुळांकडे गेली, व्यापार आपल्याला साधत नाही असे आपणच ठरवले, आणि उरलेल्या कनिष्ठ चाकरीला इतके श्रेष्ठ मानले, की मुलीसाठी स्थळ पाहताना 'मुलगा कोठे असतो?' या प्रश्नाचा अर्थ 'कोणत्या कचेरीत असतो?' असाच होऊ लागला. अलीकडे मात्र याच घरांतून कोणी नकाशे काढतो, कोणी भाषांतरे करतो, कोणी चार दुकानांचे हिशेब सांभाळतो, कोणी शिकवण्या घेतो. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात टेबल मांडले जाते आणि त्या कोपऱ्यास 'ऑफिस' हे नाव प्राप्त होते. आरंभी नाके मुरडणारी मंडळीही हळूहळू त्या कोपऱ्यास सरावतात. इतके झाल्यावर त्या टेबलाशी बसणारे माणूस एके दिवशी वर्तमानपत्रातील 'अर्धवेळ पाहिजेत' अशी जाहिरात कापून ठेवते, आणि घरात कुजबूज सुरू होते. धंदा बसला वाटते!

या कुजबुजीविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. घरातील मंडळी या अर्जात धंद्याचे दिवाळे पाहतात. ज्याच्याकडे अर्ज जातो तो मालक अर्जदाराचे मन दोन ठिकाणी गुंतलेले पाहतो. आणि बिचारा अर्जदार या दोन्ही दृष्टी आगाऊच आपल्याशा करून अर्ज लिहावयास बसतो. मग तो अर्ज जसा व्हावयाचा तसाच होतो. त्यात जे ठळकपणे सांगावयाचे तेच झाकलेले असते.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. वडाळ्याची वस्तीच पाहा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दादर, माटुंगा, वडाळा या भागांत त्याने आखलेल्या रस्त्यांवर जी घरे उभी राहिली ती मुख्यत्वे मध्यमवर्गीय नोकरदारांनी भरली. पलीकडे बंदराची जमीन, बंदराचे रुग्णालय आणि नाडकर्णी पार्कची वसाहत. ज्या घरांत दोन-दोन पिढ्या फोर्टातल्या कचेऱ्यांत किंवा बंदराच्या सेवेत गेल्या, त्या घरांचा सगळा व्यवहार पहिल्या तारखेभोवती फिरतो. वाण्याचे बिल, दूध, सोसायटीची वर्गणी, मुलांची फी हे सारे एकमेकांचा हात धरून पहिल्या आठवड्यात दारात उभे राहते. धंद्याचा पैसा तारीख पाहून येत नाही. तो एप्रिलात येतो, ऑगस्टात आटतो, आणि दिवाळीच्या तोंडावर गिऱ्हाईक 'सण झाला की देतो' म्हणते तेव्हा कोठे असतो ते देव जाणे. वर्षाच्या शेवटी बेरीज केली तर त्या कोपऱ्यातील टेबलाने कचेरीतल्या खुर्चीहून अधिक मिळवलेले असते. परंतु संसार वर्षाच्या बेरजेवर चालत नाही, महिन्याच्या पहिल्या आठवड्यावर चालतो. अर्धवेळ नोकरीचा विचार बहुतेकांच्या मनात येतो तो या एका कारणाने. धंदा बुडत असल्याचे ते लक्षण मानण्याचे काहीच कारण नाही. उलट, बुडू नये म्हणून त्याच्या पोटात थोडे वजन ठेवण्याचा तो प्रकार आहे. रिकामे गलबत वाऱ्याने कलंडते, हे बंदराजवळ राहणाऱ्यांस आम्ही सांगावे असे नाही.

अशाच एका घरातील हकीकत आमच्या कानी आली. सून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवीधर. वडाळा आणि दादर येथील लहान दुकानदारांचे हिशेब ठेवणे आणि त्यांची वस्तू व सेवा कराची विवरणे भरणे हा तिचा सात वर्षांचा व्यवसाय. जवळच्या एका महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकवण्यासाठी आठवड्यातील तीन सकाळी कोणी हवे होते. तिने अर्ज लिहावयास घेतला. सासरे बंदराच्या नोकरीतून निवृत्त झालेले, सुनेवर माया करणारे. ते म्हणाले, "सूनबाई, त्या दुकानदारांचे काही लिहू नकोस हो. त्यांना वाटेल, हिचे दुसरे दार उघडे आहे, ही केव्हा निघून जाईल याचा नेम नाही." सासूबाईंची अडचण निराळी. चार ठिकाणी बोलणे निघते, हळदीकुंकवाला बायका विचारतात. त्यांना काय सांगावयाचे? इतकी वर्षे 'आमच्या सुनेचा स्वतःचा व्यवसाय आहे' असे सांगत आलो, आता 'नोकरी शोधते आहे' असे सांगावयाचे? यजमान वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. अशा प्रसंगी वर्तमानपत्र फार उपयोगी पडते.

सासऱ्यांचा सल्ला मायेचा खरा, परंतु तो मानला असता तर अर्ज कसा दिसला असता ते पाहण्याजोगे आहे. पदवी, पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर सात वर्षे काहीच नाही. ज्या सात वर्षांत या बाईने पन्नास प्रकारचे जमाखर्च डोळ्यांखालून घातले, कराची नवी पद्धत शिकून ती अर्धशिक्षित दुकानदारांनाही समजावून दिली, ती सातही वर्षे कागदावर कोरी. तिला शिकवण्याचे काम द्यावे असे एकमेव खरे कारण तिने स्वतःच्या हाताने पुसून टाकले असते. शिवाय अशी गोष्ट लपत नाही. वडाळा ते दादर हे अंतर केवढे! महाविद्यालयातील एखादा कारकून ज्या वाण्याकडून सामान भरतो, त्याच वाण्याचे हिशेब या बाईकडे निघावयाचे. धंदा आहे हे कळल्याने कोणाचा विश्वास उडत नाही. धंदा लपवला होता हे कळल्यावर मात्र उडतो.

आणि धंदा करणाऱ्याने काही तासांची नोकरी धरणे ही कोणती नवलाची गोष्ट आहे? याच मुंबईत, याच परिसरात कितीतरी मोठी कामे अशा माणसांच्या जोरावर उभी राहिली. परळला १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि त्याला जोडून सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देणगीदारांची अट अशी होती, की तेथील अध्यापक योग्यता असलेले स्वतंत्र भारतीय असावेत, सरकारी नोकरीतील नसावेत. पुढे अनेक दशके शहरातील नामांकित डॉक्टर आपले खाजगी दवाखाने सांभाळून सकाळचे काही तास अशा सार्वजनिक रुग्णालयांत 'मानद' म्हणून नाममात्र वेतनावर काम करीत आणि विद्यार्थ्यांना शिकवीत. त्यांचा दवाखाना चालत नाही म्हणून ते परळला येतात, असे कोणी म्हटले नाही. उलट दवाखान्याच्या पाटीवर केईएमचे नाव आले की फी वाढत असे!

यापेक्षाही मोलाचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. त्यांच्या चरित्रातील इतर पर्वांपुढे ही बाजू सहसा कोणी उलगडून दाखवीत नाही. १९१७ मध्ये परदेशातून परतल्यावर त्यांनी शेअरांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा स्वतंत्र धंदा सुरू करून पाहिला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८ मध्ये त्यांनी सिडनम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली, पुन्हा विलायतेस गेले, आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत वकिली मांडली. बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. विद्वत्ता अशी, की तेवढ्या पदव्या त्या वेळच्या हायकोर्टात क्वचितच कोणापाशी असतील. तरीही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे कागद देईनात, आणि त्याचे कारण पुन्हा तेच. आपल्यासारख्या घरांत हे वाचताना अवघडल्यासारखे होते. तसे व्हावयासच हवे.

अशा स्थितीत त्यांनी काय केले? वकिली सोडली नाही. बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत १९२५ ते १९२८ पर्यंत त्यांनी व्यापारी कायद्याचे अर्धवेळ अध्यापन केले. काही ठरलेले तास, काही ठरलेला पैसा. उरलेला दिवस त्यांचा. त्या उरलेल्या दिवसांत काय काय झाले ते पाहा: परळच्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालले होते, मार्च १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह झाला, एप्रिल १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघू लागले. पूर्णवेळ नोकरीच्या पगारात हे तास विकले गेले असते, आणि नुसत्या वकिलीवर त्या दिवसांत घर चालणे कठीण होते. पुढे १९२८ मध्ये सरकारी विधी महाविद्यालयात त्यांना काही काळ प्राध्यापकाची जागा मिळाली. १८५५ पासून चालत आलेल्या त्या महाविद्यालयात वकिली करणाऱ्यांनी काही तास येऊन शिकवावे ही जुनीच रीत होती. १९३५ मध्ये ते तेथेच प्राचार्य झाले. अर्धवेळ नोकरी ही स्वतंत्र माणसाच्या हातातील ढाल कशी होऊ शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

लोकमान्यांनीही १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर कायद्याचा वर्ग चालवून चरितार्थ केला आणि 'केसरी'ला धरून राहिले, हे वाचकांस ठाऊक आहेच. उलट्या दिशेचे उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. ते व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. ही संस्था तेव्हा भायखळ्यास होती. १९२३ पासून ती माटुंग्यास, वडाळ्याच्या अगदी शेजारी आहे. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकीत. पुढे बढतीत अन्याय झाला तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. सोडता आली, कारण बेळगावचे दुकान आधीच उभे होते. एकाची नोकरी धंद्याला सावरून धरते, दुसऱ्याचा धंदा नोकरीतला ताठपणा राखतो. आमच्या मते दोन्हींत लाजण्यासारखे काही नाही.

आता अर्जाकडे वळू. अर्जात धंद्याचा उल्लेख आरंभीच्या दोन-तीन वाक्यांत आला पाहिजे, आणि तो अपराध कबूल केल्याच्या सुरात नको. वर सांगितलेल्या सूनबाईंसाठी आम्ही लिहून दिले असते ते साधारण असे: "मी २०१८ पासून वडाळा व दादर भागातील लहान व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवण्याचा व त्यांची करविवरणे भरण्याचा स्वतंत्र व्यवसाय करते. हा व्यवसाय मी पुढेही चालू ठेवणार आहे. आपण जाहीर केलेल्या तीन सकाळच्या तासिका मला नियमितपणे घेता येतील. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखांस दुपारनंतर मी मोकळी नसेन. ज्या व्यापाऱ्यांचे काम मी करते, त्यांपैकी कोणाचाही आपल्या संस्थेशी व्यवहार नाही." इतकेच. 'आपली कृपा झाल्यास' वगैरे शेपूट नको. यात ११ आणि २० या तारखा कोठून आल्या, असे कोणी विचारील. त्या करविवरणांच्या नेहमीच्या तारखा आहेत, आणि त्या अर्जातच घातल्यामुळे वाचणाऱ्याला दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, ही बाई आपले काम खरोखर जाणते. दुसरी, ही आधी सांगून मग वागणारी आहे.

शेवटचे वाक्यही महत्त्वाचे आहे. मालकाच्या मनातील खरी भीती बहुधा वेळेची नसते, हितसंबंधांची असते. नकाशे काढणारा माणूस एखाद्या बांधकाम कंपनीत तीन दिवस जाऊ लागला आणि उरलेले तीन दिवस तिच्याच स्पर्धकाचे काम करू लागला, तर कंपनीने डोळे वटारल्यास तिचा दोष नाही. म्हणून कोणाचे काम करतो हे गिऱ्हाइकांची नावे न फोडताही सांगता येते, आणि कोणाचे करणार नाही हे तर अवश्य सांगावे. मुलाखतीत 'धंदा असताना येथे कशाला?' हा प्रश्न येणारच. 'अनुभव मिळावा म्हणून' हे त्याचे उत्तर कोणालाही खरे वाटत नाही. 'महिन्याकाठी ठरलेली रक्कम हवी आहे, आणि तेवढ्यासाठी इतके तास मी मनापासून देऊ शकते' या उत्तराने कोणाचा अपमान होत नाही.

धंद्याला पुरावा काय, हाही प्रश्न येतो. नोकरदाराजवळ दाखला असतो. स्वतंत्र माणसाजवळ आयकराची विवरणे असतात, कराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र असते, आणि १ जुलै २०२० पासून लहान उद्योगांसाठी 'उद्यम' नोंदणीची सोय झाली आहे. जुन्या गिऱ्हाइकाचे दोन ओळींचे पत्र या सर्वांहून कधी कधी अधिक काम करते. ते मागून घेण्यास आपली माणसे उगाच संकोचतात.

काही व्यवसायांस मात्र स्वतःचे नियम आहेत, आणि ते अर्ज टाकण्यापूर्वी पाहिले पाहिजेत. सनद घेतलेल्या वकिलास कोणाचीही पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. परंतु १९७९ च्या नियमांनुसार विद्यापीठाशी संलग्न संस्थेत कायदा शिकवण्यास त्याला मुभा आहे, दिवसाला ३ तासांहून अधिक नाही. तेवढ्या तासांचे काम, त्याला नाव काहीही दिलेले असो, अर्धवेळच समजले जाते. सनदी लेखापालांनाही दुसरे काम धरताना आपल्या परिषदेचे नियम पाळावे लागतात, आणि लेखापरीक्षणावर सही करण्याचा हक्क त्यात गमावण्याची वेळ येऊ शकते. डोळ्यांत तेल घालून वाचावेत असे हे कागद आहेत. याउलट अनुभवी व्यावसायिकांना वर्गात आणण्याची इच्छा आता वरूनही दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या नावाने जी योजना आखली, तीत किमान १५ वर्षांचा कामाचा अनुभव पाहिला जातो, पदवीची अट तितकी पाहिली जात नाही. वडाळा-माटुंगा परिसरात महाविद्यालयांची दाटी आहे. अशा माणसांना तेथे पायीही जाता येईल.

नेमणुकीचे पत्र आले की घरात पेढे वाटण्यापूर्वी ते संपूर्ण वाचावे. कित्येक ठिकाणी पूर्णवेळ नोकरांसाठी छापलेलेच पत्र अर्धवेळ माणसाच्या हातात देतात, आणि त्यात 'नोकरीच्या काळात अन्य कोणताही उद्योग करणार नाही' हे कलम निमूटपणे बसलेले असते. तोंडी कोणी सांगते, "अहो, ते आपले छापील आहे, तिकडे लक्ष देऊ नका." लक्ष द्यावे. ज्याने अर्जात धंदा लिहिला आहे त्याला ते कलम बदलून मागण्याचा अधिकार सहज प्राप्त होतो. ज्याने लपवला त्याला तोंड उघडण्याची सोय राहत नाही. चित्रे काढणारे, लिहिणारे, भाषांतर करणारे यांनी आणखी एक गोष्ट जाणावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. म्हणून घरच्या टेबलावर केलेले काम कोणते आणि त्यांच्या टेबलावरचे कोणते, याची सीमा कागदावर ओढून घ्यावी.

पैशांच्या हिशेबात पहिला प्रश्न असा, की मिळणारी रक्कम पगार आहे की फी? महाविद्यालये आणि कचेऱ्या कधी कधी दोन्हींची खिचडी करतात. फी असेल तर ती धंद्याच्याच उत्पन्नात जमा होते, ठरावीक मर्यादेपुढे तीतून साधारणपणे १० टक्के कर आगाऊ कापला जातो, आणि वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी सेवांची जी वर्षाला २० लाखांची मर्यादा आहे तीत ती मोजली जाते. पगार त्या मर्यादेत मोजला जात नाही. पगारावर आयकराची ठोक वजावट मिळते. नव्या करपद्धतीत ती ७५ हजार रुपयांची आहे. परंतु धंद्यात तोटा आला तर तो पगारातून वजा करता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांस वर्षाच्या शेवटी कळते आणि मग डोक्याला हात लावला जातो. नुसता पगारदार दरवर्षी जुनी की नवी करपद्धत ते निवडू शकतो; धंद्याचे उत्पन्न असलेल्यास मात्र नवी पद्धत एकदा सोडल्यावर तीत परत येण्याची संधी एकदाच मिळते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत भविष्यनिर्वाह निधीचा लाभ केवळ अर्धवेळ आहे म्हणून नाकारता येत नाही, हेही विचारून घ्यावे. व्यवसायकर माणशी वर्षाला २५०० रुपयांहून अधिक घेता येत नाही असे घटनेचेच बंधन आहे. तो धंद्याच्या नावाने भरत असाल तर नव्या ठिकाणी तसे लेखी कळवावे, नाहीतर दोन्हीकडून कापला जातो.

या सर्वांहून अवघड हिशेब तासांचा. जाहिरातीत 'तीन तास' असतात. घड्याळात ते पाच होतात. वडाळा रोडवरून हार्बरच्या गाड्या एकीकडे कुर्ल्याकडे, दुसरीकडे माहीम-अंधेरीकडे आणि तिसरीकडे बंदराच्या बाजूने शहरात जातात, म्हणून वडाळेकरांना वाटते की आपण कोठेही अर्ध्या तासात पोहोचतो. पोहोचतात, परंतु स्टेशनपर्यंतचे चालणे, गाडीची वाट, उतरल्यावरची रिक्षा किंवा बस, आणि घरी येऊन पंख्याखाली बसलेली दहा मिनिटे कोणी मोजत नाही. शिकवण्याच्या एका तासामागे तयारीचा एक तास असतो, उत्तरपत्रिका वेगळ्याच. ठरलेल्या पगाराला जाहिरातीतल्या तासांनी भागू नये, खऱ्या तासांनी भागावे, आणि येणारा आकडा आपल्या धंद्यात त्याच तासाला जे मिळते त्याच्याशी ताडून पाहावा. निम्म्याहून कमी आला तर पहिल्या तारखेची निश्चिंती फार महाग पडते, असे आम्ही समजतो. कोणी म्हणेल, निश्चिंतीची किंमत अशी काढता येत नाही. काढता येते, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किती रुपये हवेत ते घरात बसून मांडले की निघते. तेवढेच रुपये आणणारे तास धरावेत, त्याहून अधिक नाहीत. अर्धवेळ म्हणून धरलेली नोकरी हळूहळू पाऊण होते, आणि उरलेल्या पाव दिवसात धंदा उपाशी मरतो. आम्ही पाहिलेल्या उदाहरणांत धंदे बुडाले ते बहुतेक या वाटेने.

आणि एकत्र कुटुंबात तासांचा हिशेब एकटीने करून भागत नाही. घरी टेबलाशी बसणाऱ्या सुनेचे तास आजवर सर्वांनी थोडे थोडे वापरलेले असतात: गॅसवाला आला, दार उघड, आजोबांना दवाखान्यात न्यायचे, तू घरीच आहेस, मुलांचा डबा, पाहुण्यांचा चहा. तीन सकाळी ती बाहेर पडू लागली की हे तास अचानक सर्वांना दिसू लागतात. त्या सकाळी धंद्याचा फोन कोण घेणार, दुकानदाराचा माणूस चोपड्यांची पिशवी घेऊन आला तर ती कोण ठेवून घेणार, हे अर्ज टाकण्यापूर्वी ठरले पाहिजे. निवृत्त सासरे हे काम फार उत्तम करतील, असे आमचे मत आहे. ज्यांनी चाळीस वर्षे बंदराच्या कचेरीत आवक-जावक पाहिली, त्यांना वाण्याची चोपडी नोंदवून घेणे जड जाऊ नये, आणि सुनेचा धंदा खरोखर किती चालतो हेही त्यांना त्या पिशव्यांवरून कळेल. सासूबाईंच्या हळदीकुंकवाच्या प्रश्नाला उत्तर सोपे आहे: "आमची सूनबाई कॉलेजात शिकवावयास जाते, आणि तिचा धंदाही आहे." यात खोटे काही नाही, आणि ऐकणाऱ्या बायकांपैकी दोघीतिघी तरी आपापल्या घरी जाऊन हे सांगतीलच.

फक्त मार्च महिना आधीच समोर ठेवून पाहावा. दुकानदारांचे वर्ष ३१ मार्चला संपते, आणि महाविद्यालयांच्या परीक्षा त्याच सुमारास येतात. चोपड्या आणि उत्तरपत्रिका एकाच टेबलावर एकाच आठवड्यात येणार आहेत. तपासणीच्या कामासाठी एप्रिलचा दुसरा आठवडा मिळेल काय, हे मुलाखतीच्या दिवशीच विचारून घ्यावे, आणि होकार मिळाला तर तो नेमणुकीच्या पत्रात लिहून मागावा.